ईस्टरच्या अंड्यांचा शोध : खेळ कीं लूट ?

प्रतिवर्षीं ईस्टरचा सण जवळ येऊं लागला म्हणजे बालवर्गांतील मुलांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : "सर, यंदा अंडीं कोठें लपविणार ?" या प्रश्नाचें उत्तर त्यांस अर्थातच देतां येत नाहीं. परंतु त्यांच्या वडील भावंडांस, वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस आणि पालकांस या खेळाविषयीं चार गोष्टी मोकळ्या मनानें सांगाव्या अशी माझी पुष्कळ दिवसांची इच्छा होती. ती या वार्षिक अंकाच्या निमित्तानें पुरी करून घेतों. विषय लहान मुलांच्या खेळाचा आहे, म्हणून तो क्षुल्लक आहे असें मात्र कोणीं समजूं नये. लहान मुलांस जो आनंद अकस्मात् सांपडल्यासारखा वाटतो, त्याची तरतूद बहुधा कोणीतरी आदल्या रात्रीं जागून केलेली असते. ती तरतूद कशी करावी, आणि ती न केल्यास काय होतें, हाच या लेखाचा विषय आहे.

ज्या घरीं हा खेळ होत नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम थोडी माहिती देणें अवश्य आहे. ईस्टर म्हणजे प्रभु येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. पाश्चात्य परंपरेच्या मंडळ्यांत तो २२ मार्च ते २५ एप्रिल या मुदतींतील एखाद्या रविवारीं पडतो. म्हणजे आपल्याकडे तो बहुधा गुढीपाडव्याच्या आगेमागें, चैत्राच्या उन्हांत येतो. सणापूर्वीं चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. मध्ययुगांत युरोपांतील ख्रिस्ती लोक या काळांत मांसाप्रमाणें अंडींहि वर्ज्य मानीत. माणसांनीं उपवास धरला तरी कोंबड्यांनीं तो धरला नाहीं. त्यामुळें घरोघर अंडीं सांठत आणि सणाच्या दिवशीं त्यांचा उपयोग होई. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या दरबारच्या १२९० सालच्या हिशेबांत ४५० अंडीं रंगवून व वर्खानें मढवून वांटण्याकरितां १८ पेन्स खर्च पडल्याची नोंद आहे. पुढें अंड्यास अर्थहि जोडला गेला : बंद कवच म्हणजे शिळा लावलेली कबर, आणि तें फोडून बाहेर येणारें पिलूं म्हणजे नवें जीवन.

अंडीं लपवून मुलांकडून तीं शोधविण्याची चाल मात्र जर्मन लोकांची दिसते. गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाउ नांवाच्या जर्मन वैद्यानें १६८२ सालीं लिहिलेल्या एका पुस्तिकेंत या चालीचें वर्णन आहे. ससा बागेंतील गवतांत व झुडुपांत अंडीं लपवून जातो असें लहान मुलांस सांगण्यांत येतें, आणि मुलें तीं शोधतांना पाहून वडील माणसांची करमणूक होते, असें तो लिहितो. वैद्यच तो, फार अंडीं खाल्ल्यानें पोट बिघडतें हें बजावून सांगण्यासहि तो विसरला नाहीं. अठराव्या शतकांत जर्मन वसाहतवाल्यांबरोबर ससा व त्याचीं अंडीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतीं पोंचलीं. इंग्लंडांत, राजकन्या व्हिक्टोरिया तेरा वर्षांची असतां, ७ एप्रिल १८३३ रोजीं, ईस्टरच्या रविवारीं, तिनें आपल्या रोजनिशींत आईनें सजविलेल्या रंगीत अंड्यांची व तीं शोधल्याची हकिकत नोंदून ठेविली आहे. ही आई जर्मनींतून आलेली होती. पुढें राणी झाल्यावर व्हिक्टोरियानें व तिचा जर्मन पति आल्बर्ट यानें आपल्या मुलांसाठींहि हा खेळ चालू ठेविला. १८७३ सालीं ब्रिस्टल येथील फ्राय यांच्या कारखान्यानें चॉकोलेटचें पोकळ अंडें काढलें, आणि हा खेळ कोंबडीच्या खुराड्यांतून दुकानाच्या कांचेच्या कपाटांत गेला. आपल्या मुंबईंत व गोव्यांत ईस्टरसाठीं बदामाच्या किंवा काजूच्या गोड लगद्याचीं, साखरेच्या फुलांनीं सजविलेलीं अंडीं होतात, तीं याच घराण्यांतलीं.

या सर्व हकिकतींत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. फ्रांकेनाउच्या बागेंत काय किंवा व्हिक्टोरियाच्या वाड्यांत काय, अंडीं लपविणारें माणूस घरचेंच होतें. कोणतें मूल बुटकें, कोणतें भित्रें, कोणत्यास काटेरी झुडुपाजवळ जावेंसें वाटत नाहीं, हें त्यास ठाऊक होतें. धाकट्याचें अंडें तें उंबऱ्यापाशीं ठेवी आणि थोरल्याचें झाडाच्या बेचक्यांत. कोणीं हा नियम लिहून ठेविला नव्हता. तो आईच्या ममतेंतच होता. पुढें हा खेळ घरांतून निघून मंडळीच्या आवारांत, शाळेच्या मैदानांत व नगराच्या उद्यानांत आला. अंडीं शेंकडों झालीं, मुलेंहि शेंकडों झालीं. आणि लपविणाऱ्यास शोधणाऱ्याचें नांवहि ठाऊक नाहीं अशी अवस्था झाली. माझें म्हणणें इतकेंच आहे कीं, घरांत जें काम आईची ममता करीत होती तें मैदानांत व्यवस्थेनें केलें पाहिजे. ती व्यवस्था नसेल तर खेळाची लूट होते, आणि लुटींत जो बळकट तो जिंकतो.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेंतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरांत एका उद्यानांत भरणारा असा सार्वजनिक शोध २०१२ सालीं रद्द करावा लागला. कारण आदल्या वर्षीं, आपल्या मुलास एकतरी अंडें मिळालेंच पाहिजे या हट्टानें, आईबापच दोरी ओलांडून आंत घुसले होते. परंतु इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. असाच प्रसंग माझ्या हातून घडला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाहीं.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं मी नुकताच शिक्षक झालों होतों. एका गांवच्या मंडळींतील तरुणांनीं ईस्टरच्या दिवशीं हा खेळ करावयाचें ठरविलें व व्यवस्था माझ्याकडे सोंपविली. मुलें पन्नासांवर होतीं. तीन वर्षांच्या बालकांपासून चौदा वर्षांच्या मुलांपर्यंत सर्व एकत्र. आम्हीं दीडशें अंडीं आवारभर टाकिलीं, सर्वांस एका रेघेवर उभें केलें, आणि ज्यास सर्वांत अधिक अंडीं सांपडतील त्यास बक्षीस मिळेल असें मीं मोठ्या उत्साहानें जाहीर केलें. शिट्टी वाजली. चार-पांच मिनिटांत आवार साफ झालें. एका मोठ्या मुलाजवळ एकोणीस अंडीं निघालीं. मीं त्याची पाठ थोपटली व त्यास बक्षीस दिलें. टाळ्या वाजल्या.

मंडळी पांगूं लागली तेव्हां चार वर्षांची एक मुलगी रिकामी परडी हातांत धरून माझ्याकडे आली. ती रडत नव्हती. तिनें शांतपणें विचारिलें, "सर, माझ्यासाठीं कोणी लपविलेंच नव्हतें का ?"

मीं घाईघाईनें कोणाच्या तरी पिशवींतून एक अंडें काढून तिच्या परडींत ठेविलें. तिनें त्याकडे पाहिलें आणि म्हटलें, "पण हें मला सांपडलेलें नाहीं." मग तें तसेंच घेऊन ती आईकडे गेली.

त्या वेळीं त्या मोठ्या मुलाचा मला राग आला. घरीं आल्यावर विचार केला तेव्हां दिसून आलें कीं, त्या मुलाचा कांहींच अपराध नव्हता. मीं जें करावयास सांगितलें तें त्यानें सर्वांहून चांगलें केलें होतें. अपराध व्यवस्थेचा होता, आणि व्यवस्था माझी होती. दीडशें अंडीं आणि पन्नास मुलें, म्हणजे प्रत्येकास तीन, एवढा त्रैराशिकाचाहि नव्हे असा हिशेब मीं केला नव्हता. त्या मुलीच्या प्रश्नाचें खरें उत्तर "नाहीं" हेंच होतें. तिच्यासाठीं म्हणून कोणींहि कांहीं लपविलें नव्हतें.

त्यानंतर मीं हा खेळ पुष्कळ वेळां केला आहे, आणि अनुभवानें कांहीं नियम ठरविले आहेत. ते येथें देतों. ज्यांस उपयोगी वाटतील त्यांनीं ते घ्यावे.

पहिला नियम मोजणीचा. मुलांची यादी आधीं करावी व अंडीं त्या यादीवरून काढावीं. चाळीस मुलें असल्यास प्रत्येकीं तीनप्रमाणें एकशें वीस लपवावीं, आणि वीस शिलकेंत, शिक्षकाच्या पिशवींत ठेवावीं. ज्यास तीन सांपडलीं त्याचा शोध संपला. मग त्यानें दुसऱ्यास मदत करावी. सर्वांत अधिक कोणास, हा प्रश्नच काढूं नये. याहून चांगला उपाय म्हणजे, प्रत्येकाच्या तीन अंड्यांपैकीं एकावर त्या मुलाचें नांव घालणें. अक्षर-ओळख झालेल्या मुलांस आपलें नांव गवतांत पडलेलें पाहून जो हर्ष होतो त्यास तोड नाहीं. दुसऱ्याच्या नांवाचें अंडें दिसल्यास तें उचलावयाचें नाहीं, त्यास हांक मारून जवळ बोलवावयाचें, एवढाच निर्बंध असावा. बालवर्गास वाचतां येत नसेल तर मनगटास रंगीत दोरा बांधावा आणि ज्याचा जो रंग त्यानें तेवढींच अंडीं घ्यावीं.

दुसरा नियम वयाचा. तीन-चार वर्षांचीं, पांच ते सात वर्षांचीं, आणि त्यांहून मोठीं, असे तीन गट करून आवाराचे तीन भाग फक्कीच्या रेघांनीं वेगळे करावे. अगदीं लहानांसाठीं अंडें लपवावयाचें म्हणजे लपविल्यासारखें करावयाचें. तें गवतावर उघडेंच असावें, फारतर एखाद्या पानाआड अर्धें. त्या वयांत वस्तु दिसणें हाच शोध असतो. पांच ते सात वर्षांच्या मुलांसाठीं जास्वंदीच्या बुंध्याशीं, कुंडीच्या मागें, पायरीच्या कोपऱ्यांत, त्यांच्या छातीच्या उंचीपर्यंतच्या जागा निवडाव्या. लपविणाऱ्यानें एकदां गुडघ्यांवर बसून, मुलाच्या उंचीवरून सारें आवार पाहून घ्यावें. उभ्या माणसास जें दिसतें तें मुलास दिसत नाहीं, आणि मुलास जें दिसतें तें उभ्या माणसाच्या लक्षांतहि येत नाहीं. आठ वर्षांवरील मुलांस नुसतें शोधणें लौकरच कंटाळवाणें होतें. त्यांस कोडीं द्यावीं. "मला मारल्याशिवाय शाळा सुटत नाहीं, तरी मला मारलें कीं सर्वांस आनंद होतो," अशी चिठ्ठी हातीं पडतांच मुलें घंटेकडे धांवतात. तेथें पाण्याच्या रांजणाचें कोडें ठेवावें, रांजणापाशीं ग्रंथालयाचें. एका गटास चार कोडीं पुरेत, आणि शेवटच्या ठिकाणीं सर्व गटाचीं अंडीं एकत्र ठेवावीं, म्हणजे वांटून घेण्याचा प्रश्न त्यांचा त्यांनींच सोडविलेला बरा. एखादें मूल चाकाच्या खुर्चीवर किंवा कुबड्यांवर असेल तर त्याचीं अंडीं वाटेच्या कडेस, बसल्या हातास लागतील अशीं असावीं. ज्यास दिसत नाहीं अशा मुलासाठीं अंड्याजवळच्या फांदीस घुंगरूं बांधून दोरी दुरून हलवावी. कांहीं देशांत अशा मुलांकरितां आवाज करणारीं अंडीं तयार करितात, त्याचेंच हें आपलें साधें रूप.

तिसरा नियम आपल्या देशाच्या हवेचा. विलायती पुस्तकांत हा खेळ थंड सकाळीं, ओल्या हिरवळीवर चाललेला असतो. आपल्याकडे एप्रिलांत दहा वाजतां मैदान तापतें, चॉकोलेट कागदांतच वितळतें आणि साखरेच्या अंड्यास पांच मिनिटांत मुंग्या लागतात. म्हणून पहांटेची उपासना आटोपल्याबरोबर, ऊन चढण्यापूर्वीं खेळ उरकावा. शोधास पंधरा मिनिटें पुरतात; तयारीस मात्र दोन दिवस लागतात. उकडलेलें अंडें बाहेरच्या हवेंत दोन तासांपेक्षां अधिक ठेवूं नये, आणि उष्णता ३२ अंशांवर गेली असेल तर एक तासाच्या आंत खावें किंवा टाकून द्यावें, हा आरोग्याचा नियम सर्वांनीं पाठ करावा. एके वर्षीं आम्हीं खरीं अंडीं पहांटेच ठेवून उपासनेस गेलों आणि परत येऊन पाहतों तों कावळ्यांनीं निम्मा शोध आधींच आटोपलेला. तेव्हांपासून मी आवारांत खरें अंडें ठेवीत नाहीं. लाकडाचीं, कागदाच्या लगद्याचीं किंवा मातीचीं रंगविलेलीं अंडीं लपवितों, आणि तीं आणून देणाऱ्या मुलास न्याहारीच्या वेळीं ताजें अंडें किंवा खाऊ देतों. सावंतवाडीचे कारागीर लांकडाचीं रंगीत फळें किती हुबेहूब करितात हें सर्वांस ठाऊक आहे. त्या कलेस एखादें अंडें कातणें मुळींच जड नाहीं, आणि एकदां केलेलें लांकडी अंडें अनेक वर्षें टिकतें. प्लॅस्टिकचीं पोकळ अंडीं स्वस्त मिळतात हें खरें, परंतु खेळ संपल्यावर त्यांच्या टरफलांचा कचरा कोण उचलतो, तेंहि पाहावें.

याच नियमांत सुरक्षिततेचाहि समावेश होतो. दगडांचे ढीग, सरपण, भिंतींतील बिळें, वाळलेल्या पानांचे थर, या ठिकाणीं उन्हाळ्यांत विंचू व साप असतात. तेथें कधींहि अंडें ठेवूं नये, आणि तेथें अंडें नाहीं हें मुलांस आरंभींच सांगावें. विहीर, टाकी, विजेच्या तारा व रस्त्याकडील कुंपण यांपासून दूर राहावें. तीन वर्षांखालील मुलाच्या हातीं गोट्यांएवढ्या गोळ्या किंवा शेंगदाणे देऊं नयेत. ते घशांत अडकण्याचें भय असतें. लपविणाऱ्यानें प्रत्येक जागा वहींत टिपून ठेवावी. टिपण नसेल तर राहून गेलेलें अंडें कोठें आहे हें आठ दिवसांनीं वासावरून कळतें.

चौथा नियम समानतेचा. मुलांनीं घरून टोपल्या आणूं नयेत. एकाची टोपली रेशमी फितींची आणि दुसऱ्याच्या हातीं दुकानाची चुरगळलेली पिशवी, असें झालें म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वींच एक मूल हरलेलें असतें. जुन्या कापडाच्या सारख्या पिशव्या शिवून घ्याव्या. शिवणाच्या वर्गास हें एका आठवड्याचें काम आहे. न्याहारीचीं अंडीं रंगविण्यासहि बाजारचा रंग नको. पांढऱ्या कवचाचीं अंडीं कांद्याच्या सालींच्या पाण्यांत उकडलीं असतां तांबूस होतात, हळदीनें पिवळीं, बीटानें गुलाबी. पाण्यांत चमचाभर शिरका घातला कीं रंग चांगला धरतो. शनिवारीं दुपारीं मुलांनीं आपल्या हातांनीं हें काम केलें म्हणजे निम्मी मौज त्यांतच येते.

आतां कांहीं आक्षेपांचा विचार करूं. आमच्या मंडळींतील कित्येक वडील माणसें म्हणतात कीं, पवित्र शास्त्रांत ससाहि नाहीं आणि रंगीत अंडेंहि नाहीं. मग हें विलायती थोतांड कशास? ते म्हणतात तें खरें आहे. ही शास्त्राची आज्ञा नव्हे, लोकांची चाल आहे, आणि ती मोडली तर कोणाचें तारण अडत नाहीं. सशाची गोष्ट मीहि मुलांस सांगत नाहीं. अंडीं कोणीं लपविलीं असें विचारल्यास "आम्हीं लपविलीं, तुमच्यासाठीं" असें सरळ सांगतों, आणि त्यानें मौज तिळभरहि कमी होत नाहीं. परंतु शोधणें ही गोष्ट मात्र शास्त्राबाहेरची नाहीं. एक नाणें हरवलें म्हणून दिवा लावून, घर झाडून तें शोधणारी व सांपडल्यावर शेजारणींस बोलावून आनंद करणारी बाई आपल्या प्रभूच्याच दृष्टान्तांत आहे. आणि पुनरुत्थानाच्या पहांटे मग्दालीया मरीया कबरेपाशीं शोधतच आली होती. प्रभु समोर उभा असतांहि तिनें त्याला ओळखलें नाहीं. त्यानें तिला नांवानें हांक मारिली तेव्हां ओळखलें. मुलाचें नांव घातलेलें अंडें हातांत घेऊन ही गोष्ट सांगितली असतां ती पांच वर्षांच्या मुलासहि समजते, असा माझा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. आपल्या शाळेंत अनेक धर्मांचीं मुलें शिकतात. कित्येक घरीं अंडें शिवत नाहींत. त्यांच्या पालकांस आधीं पत्र लिहून, हा कोणत्या सणाचा खेळ आहे, त्यांत काय असेल व काय नसेल, हें स्पष्ट सांगावें, आणि ज्यांची संमति असेल त्यांचींच मुलें घ्यावीं. लांकडी अंड्यांत कोणाचा विटाळ नाहीं, आणि खाऊ म्हणून बत्तासे, राजगिऱ्याचे लाडू किंवा त्याच दिवसांत बाजारांत येणाऱ्या साखरेच्या गांठी सर्वांस चालतात. ज्या मुलाच्या पालकांची संमति नसेल त्यास त्या सकाळीं कोणीं एका शब्दानेंहि हिणवूं नये. शेजाऱ्याच्या मुलाचें मन दुखवून साजरा केलेला सण हा सणच नव्हे.

तिसरा आक्षेप असा कीं, एवढी मोजणी, याद्या व रेघा आल्यावर खेळांत मौज ती काय उरली ? यास उत्तर इतकेंच कीं, या साऱ्या गोष्टी मुलांच्या दृष्टीस पडतच नाहींत. लग्नाच्या पंगतींत जेवणारास जिलबी दिसते, आचाऱ्याची यादी दिसत नाहीं. म्हणून यादीवांचून जेवण झालें असें नव्हे. मुलास एवढेंच वाटलें पाहिजे कीं, या मोठ्या आवारांत मीं माझ्या डोळ्यांनीं माझी वस्तु शोधून काढिली.

पालकहो, तुम्हांस एकच विनंति आहे. शोध चालू असतां रेघेच्या बाहेर उभे राहा. बोट दाखवूं नका, "तिकडे नाहीं, इकडे" असें ओरडूं नका, आणि मुलाचें छायाचित्र घेण्यासाठीं त्यास थांबवूं नका. मूल दोन वेळां अंड्यावरून पुढें जाईल, तिसऱ्यांदा त्यास तें दिसेल. त्या दोन चुका तुम्हीं वांचविल्यात तर तिसऱ्या वेळचा आनंदहि तुम्हींच घेतला असें होईल. "हें मला सांपडलेलें नाहीं," असें म्हणणारी ती मुलगी मला हेंच शिकवून गेली.

आणि विद्यार्थिमित्रहो, विशेषतः आठवी, नववी व दहावीचे विद्यार्थी, तुमचें शोधण्याचें वय आतां संपलें. तुम्हीं लपविणारे व्हावें अशी माझी इच्छा आहे. यंदाच्या ईस्टरला बालवर्गांतील एकेक मूल तुम्हांपैकीं एकेकानें आपलेंसें करून घ्यावें. तें केवढें आहे, कशास भितें, त्याचा आवडता रंग कोणता, हें आधीं आठवडाभर पाहून ठेवावें; त्याचें नांव अंड्यावर आपल्या हातानें घालावें; आणि शनिवारीं सायंकाळीं, गुडघ्यांवर बसून, त्याच्या डोळ्यांनीं जागा शोधावी. दुसऱ्या दिवशीं दूर उभें राहून तें मूल आपल्या अंड्याकडे येतांना पाहावें. त्यास कदाचित् तुमचें नांवहि कळणार नाहीं. तरीपण परीक्षेंत पहिला नंबर आल्याच्या आनंदाशीं हा आनंद ताडून पाहा, आणि कोणता अधिक टिकतो तें मला पुढील वर्षीं सांगा.

त्या मुलीविषयीं सांगावयाचें राहिलें. पुढच्या ईस्टरला मीं तिचें नांव एका लाल अंड्यावर घालून तें जास्वंदीच्या बुंध्याशीं ठेविलें. ती त्याच्या शेजारून दोनदां गेली. माझा जीव वरखालीं होत होता, परंतु मी कांहीं बोललों नाहीं. तिसऱ्या खेपेस ती थांबली, खालीं बसली, अंडें उचलून तिनें त्यावरील अक्षरें बोटानें एकेक करून लाविलीं, आणि माझ्याकडे न पाहतां आईकडे धांवत सुटली. माझ्याकडे येण्याचें तिला कांहीं कारणच नव्हतें, आणि तेंच मला हवें होतें.